बोटीची कातडी

आमच्या बोटीला कातडी चढवली त्या दिवशी बाबली परब धक्क्यावर उभा राहून ओरडला, "रमाकांता, आता तिका गुदगुल्यो करून बघ. हसता काय?"

बोट हसली नाही, पण तिला कळलं मात्र. बाबलीने वाकून तिच्या कडेवरून बोटं फिरवली, आणि माझ्या सुकाणूजवळच्या पडद्यावर नेमक्या त्याच जागी हिरवे ठिपके उमटले. बाबलीने हात असा मागे घेतला, जसा परक्या बाईला चुकून धक्का लागला की घ्यावा.

शेवाळी खाडीच्या एका अंगाला आमची खाजणवाडी आणि दुसऱ्या अंगाला माडबंदर. मधून ही बोट जाते. ती सरकारी सेवेची, बॅटरीवर चालणारी, आणि तिचा तांडेल मी, रमाकांत भाबल. खाडीवर पूल आहे, पण तो पार वरच्या अंगाला. बसने तिकडून वळसा घालून जायचं तर सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला पोचतो. बोटीने जायचं तर पानाला चुना लावून तोंडात टाकेपर्यंत पलीकडचे माड जवळ येतात.

कातडी उगाच आली नव्हती. उत्तरेकडच्या एका खाडीत माणसं कोंबून भरलेली होडी उलटली आणि सरकारने जलप्रवासावर लक्ष ठेवायला एक मंडळ नेमलं. मंडळाने ठरवलं की लोकांना नेणाऱ्या प्रत्येक बोटीला हा कातडीसारखा लेप लागलाच पाहिजे. लेप लावायला दोन इंजिनिअर मुली आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "रंगाला कळतं कसं?"

त्यांच्यातली एक म्हणाली, "काका, गॅस पेटवायचा लायटर असतो ना? खटका दाबला की ठिणगी पडते. आत एक स्फटिक असतो. तो दाबला गेला की त्यातून वीज निघते. तसेच स्फटिक धुळीएवढे बारीक करून या लेपात मिसळलेत. तुम्ही पाय टाकलात की तिथले स्फटिक दबतात आणि बारीकशी वीज निघते. लाट आपटली तरी निघते. कुठून किती निघाली यावरून कॉम्प्युटर सांगतो, माणसं किती, कुठे बसलीत, बोट किती कलतेय."

"आणि लाकडाला चीर गेली तर?"

"चिरेपलीकडे थरथर नीट पोचत नाही. तेही कळतं. आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते. कुणी टाच आपटतं, कुणी चवड्यावर चालतं. नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, पण कालचाच माणूस आज आला हे बोटीला ओळखता येतं."

भार जास्त झाला तर मोटर सुरूच व्हायची नाही आणि वरून एक बाई गोड आवाजात सांगायची, "भार जास्त आहे. कृपया एका प्रवाशाने उतरावे." मला हे आवडलं. पूर्वी मी नको म्हटलं तरी लोक चढायचे, वर मलाच शिव्या द्यायचे. आता शिव्या त्या बाईला बसायच्या आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

पण याच कातडीमुळे दोन बहिणींचं बोलणं बंद झालं.

त्यासाठी आमची पोचवणी सांगायला हवी. आमच्या खाडीवर पाहुण्याला धक्क्यावरून हात हलवून निरोप देत नाहीत. त्याच्याबरोबर बोटीत बसायचं, पलीकडे बोट टेकेपर्यंत सोबत करायची, तो उतरला की त्याच बोटीने परत यायचं. धक्क्यावरून परत फिरणं म्हणजे पाहुण्याला घराबाहेर काढल्यासारखं. सोयऱ्याधायऱ्यांत यावरून वर्षानुवर्षं बोललं जातं.

शालन थोरली, दिलेली खाजणवाडीतच. कुंदा धाकटी, दिलेली माडबंदरला. दोघींची घरं धक्क्याला लागून, समोरासमोर. दोघीही साठीच्या पुढच्या, दोघीही नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या, आणि दोघींची तोंडं सारखीच धारदार. कातडी आल्यानंतर थोड्याच दिवसांत कुंदा बहिणीकडे राहायला आली होती. एका दुपारी तिच्या घरून फोन आला, की बाळंतपणाला आलेल्या मुलीला दिवस भरायच्या आधीच कळा लागल्यात आणि काहीतरी अडलंय, लगेच या. दोघी धावत बोटीवर आल्या. बोट भरलेली होती. वरची बाई म्हणाली, "कृपया एका प्रवाशाने उतरावे."

कुणी हललं नाही. बोटीत पोचवणीला आलेले पाचसहाजण होते, पण जो तो दुसऱ्याकडे बघत होता. तेव्हा शालन उठली आणि उतरली. मोटर सुरू झाली. कुंदा पुढे तोंड करून बसली होती. तिने वळून बघितलं नाही.

मुलगी सुखरूप बाळंत झाली. नात झाली. पण कुंदाच्या मनात एकच राहिलं, की सगळ्यांच्या आधी माझीच बहीण उतरली. आणि शालनच्या मनात, की मी उतरले म्हणून बोट हलली, आणि हिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आधी कोण बोलणार यावर पाच वर्षं गेली.

आता मला एकट्यालाच ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. शालन रोज सकाळच्या बोटीला यायची. बोट माडबंदरला टेकली की उतरायची नाही, डाव्या कठड्याला उभी राहून कुंदाच्या अंगणाकडे बघायची आणि त्याच बोटीने परत. कुंदा रोज संध्याकाळच्या बोटीला यायची. खाजणवाडीला टेकली की उजव्या कठड्याला उभी राहून शालनच्या पडवीकडे बघायची आणि परत. सकाळचीचं संध्याकाळचीला माहीत नाही, संध्याकाळचीचं सकाळचीला नाही. पोचवणीला ये-जा करणाऱ्यांच्या गर्दीत बाकी कुणाला त्यात वेगळं दिसायचं नाही. दोघींनी मला वेगवेगळं दरडावून ठेवलं होतं.

"कुंदाक कळला तर तुज्या बोटीत पाय ठेवचंय नाय," असं शालन म्हणाली होती.

"शालनक सांगलंस तर तुका सुकाणूक बांधीन," असं कुंदा.

मी बोललो नाही. सुकाणूला बांधून घ्यायचं माझं वय नाही.

मग मंडळाचं पत्र आलं. कॉम्प्युटरने वर्षाची चाचपणी केली होती. आमच्या बोटीत बसणाऱ्यांपैकी बरेच लोक पलीकडे उतरतच नाहीत, जातात आणि येतात, असं त्याला दिसलं. त्याने त्याचा अर्थ लावला, की बोट भरलेली दिसावी म्हणून तांडेल माणसं बसवतो. पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका खाडीला शाळेच्या मुलांसाठी बोट हवी होती. आमची तिकडे हलवावी अशी शिफारस होती. त्याआधी सुनावणी व्हायची.

सुनावणीआधी एक दिवस निरीक्षक आल्या. श्रावणी इंगवले, साताऱ्याकडच्या. कपाळावर घाम, हातात टॅब्लेट, आणि बोलणं सरळ. त्यांना वाटेत कुणीतरी शहाळं दिलं होतं, ते तसंच काखेत होतं.

"भाबलकाका, मी तुम्हाला चोर समजून आले नाहीये. पण आकडा समजून घ्यायला आलेय. हे लोक उतरत का नाहीत?"

मी पोचवणी सांगितली. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं आणि मग त्या हसल्या. "आमच्याकडे पाहुण्याला फाट्यापर्यंत सोडायला जातात. एसटी येईपर्यंत उभं राहतात. तुमच्याकडे फाटा पाण्यात आहे, एवढंच. हे मला मान्य. पण दोन चाली उरतात." त्यांनी टॅब्लेट पुढे केला. "एक सकाळची, एक संध्याकाळची. दोन्ही रोजच्या. यांच्याबरोबर कधीच पाहुणा नसतो. बसवलेली माणसं असतात ती अशीच दिसतात, काका. या दोघींचं कारण मला कळलं नाही, तर बाकीचं सगळं खरं असून माझ्या हातात काही राहत नाही. तुम्हाला माहीत आहेत या कोण?"

"माहीत आहेत."

"मग सांगा."

"मी शब्द दिलाय. त्यांना त्यांच्या तोंडाने सांगू दे."

त्यांनी टॅब्लेट बंद केला. "उद्या दुपारी. बोटीवरच घेऊ, दोन्ही काठांची माणसं येतील. त्यांना आणा."

मी आधी शालनकडे गेलो. ती पडवीत कोकमं फोडत बसली होती. बोट जाणार, आणि सकाळ-संध्याकाळच्या दोन चालींवर सगळं अडलंय, हे ऐकून तिचा हात थांबला.

"जातली म्हणजे? कायमची?"

"तू येऊन खरं सांगितलंस तर नाही जाणार."

"गावासमोर सांगू? पाच वर्सा बोलूक नाय, आणि आता सांगू की रोज बघूक जातंय? तिच्या कानार गेला तर ती हसान मरतली." तिने एक कोकम जरा जोरातच फोडलं. "आणि ती दुसरी कोण? संध्याकाळची?"

"ते मी सांगू शकत नाही."

"असतली कोणतरी रिकामटेकडी. दिवसभर काम नाय, संध्याकाळी बोटीत बसान फिरता. तिच्यापायी आमची बोट जातली!"

मी तिथून उठलो. बोट घेऊन माडबंदरला गेलो. कुंदा अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती. मी तिलाही सगळं सांगितलं.

"माका नाय जमूचा," ती म्हणाली. "शालन येतली काय?"

"सगळ्यांना बोलावलंय."

"मग तर अजिबात नाय. आणि सकाळी कोण फिरता रे उगाच? सकाळी बाईमाणसाक घरात काय कमी कामा असतत? कोणतरी उंडगी असतली."

मला हसू आवरेना, म्हणून मी पाणी मागितलं. ती पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते. तिने तांब्या दिला आणि विचारलं, "बोट गेली तर पुलावरसून शालनचा घर दिसता?"

"नाही गं. पूल वळणापलीकडे आहे."

"बरा. जा तू."

दुसऱ्या दिवशी दुपारी खाजणवाडीच्या धक्क्यावर लोक जमले. इंगवले मॅडम सुकाणूजवळ टॅब्लेट घेऊन उभ्या होत्या. एकेकजण लेप लावलेल्या फळीवरून चढत होता आणि कॉम्प्युटर चाल ओळखत होता. शालन सगळ्यात शेवटी आली, ठेवणीतलं लुगडं नेसून, काठी टेकत. तिने फळीवर पाय ठेवला, टॅब्लेटवर सकाळची चाल उमटली आणि मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खाडीकडे बघितलं.

माडबंदरला कुंदा धक्क्यावर उभी होती. शालनला बोटीत बघताच ती मागे वळली. मला वाटलं, गेली. पण बाबली परब, जो कुठल्याही कामाशिवाय कुठेही असतो, तिच्या मागेच उभा होता. तो म्हणाला, "कुंदाक्का, चढतंस की बोटीक टाटा करतंस?" कुंदाने त्याला एक शेलकी शिवी दिली आणि चढली. उजवीकडच्या बाकावर जाऊन बसली. शालन डावीकडच्या. दोघींच्या पाठी एकमेकींकडे.

मी बोट खाडीच्या मधोमध नेली आणि सावकाश ठेवली. मॅडमनी पोचवणीबद्दल विचारलं आणि सगळे एकदम बोलायला लागले. कोण कुणाच्या व्याह्याला पोचवायला गेलं होतं, कोण जावयाला. एकाने तर सासूला पोचवताना बोट कधी लांब नाही वाटली असं सांगितलं आणि सासू तिथेच बसली होती. मॅडमनी हात वर केला. "हे सगळं मी मान्य केलं. आता दोन चाली राहिल्या. सकाळची चाल कुणाची ते मला माहीत आहे, पण मी नाव घेणार नाही. त्या रोज येतात, उतरत नाहीत. का येतात?"

मग शालन मागे न वळता, पलीकडच्या बाकावर ऐकू जाणार नाही असं पुटपुटली, "वारो खावक."

"आणि संध्याकाळच्या?"

"माका हवा बदल लागता," कुंदाही तशीच पदराआडून पुटपुटली. "डॉक्टरान सांगलानी."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मॅडमचा चेहरा पडला. "आजी, वारा खायला मी बोट ठेवू शकत नाही हो. तिकडे मुलं चिखलातून शाळेत जातायत." त्यांनी टॅब्लेटवर बोट फिरवलं. "बोटीला एवढंच कळतं, की सकाळच्या आजी माडबंदरला डाव्या कठड्याला उभ्या राहतात. रोज त्याच जागी. बोट सुटेपर्यंत हलत नाहीत. तिथून काय दिसतं?"

शालनने काठी बाकाला टेकवून ठेवली.

"तिचा आंगण दिसता," शालन म्हणाली.

"कुणाचं?"

"कुंदाचा. माज्या भयणीचा. दोरी दिसता तिची. लुगडा वाळत असला की समाजता, बरी आसा. सुट्टीत बारीक फ्रॉक वाळत असतत. पयलो एवढोसो होतो. आता गुडघ्याच्या खाली येईत इतको झालो. मी नातीक बघूक नाय अजून, पण फ्रॉक वाढताना बघलंय."

कुंदा बाकावरून उठली. "सकाळची ती तू?"

"मग कोण?"

"मी तुका उंडगी म्हटलंय!"

"म्हणजे संध्याकाळची..." शालन वळली. "गो, मी तुका रिकामटेकडी म्हटलंय!"

बोटीत एकच हशा झाला. पण त्या दोघी हसत नव्हत्या. कुंदा डावीकडे चालत आली आणि बहिणीसमोर उभी राहिली. "तुज्या न्हाणीचो धूर बघूक येत होतंय. धूर दिसलो की परत. गेल्या म्हयन्यात पडवीत काठी दिसली, तेव्हापासून झोप नाय माका. पण त्या दिवशी तू उतारलंस. बोटीत एवढी माणसा होती, कोण हल्ला नाय, माझीच भयण उठली."

"बोट हलत नव्हती! तुझा चेडू थय बाळंतपणात अडलेला..."

"म्हणानच! म्हणानच माका त्या दिवशी तू हवी होतंस! मागे वळान बघलंय असतंय तर मी रडलंय असतंय सगळ्यांसमोर, म्हणान बघूक नाय!"

आता बोटीतला एकूण एक माणूस ऐकायला डावीकडे सरकला होता. वरची बाई गोड आवाजात म्हणाली, "डावीकडे भार वाढला आहे. कृपया काही प्रवाशांनी उजवीकडे जावे." आणि मोटर बंद पडली.

शालनने सवयीने काठी हातात घेतली आणि उठायला लागली.

कुंदाने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. "बस हय! परत तूच? बोटीत दुसरी माणसा नसत काय? बाबल्या, जा रे तू उजवीकडे! सगळे जावा! माजी भयण हय बसतली!"

आणि सगळे गेले. बाबली, सासू, जावई, सगळे ढकलाढकली करत उजवीकडे. डाव्या बाकावर फक्त दोघी राहिल्या. त्यामुळे बोट उजवीकडे कलली आणि बाई पुन्हा बोलायला लागली. चारपाचजणांना परत मधे आणून उभं करावं लागलं, तेव्हा कुठे मोटर सुरू झाली.

इंगवले मॅडम हसताहसता डोळे पुसत होत्या. मग त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सकाळच्या आणि संध्याकाळच्या चालींचा हेतू नोंदवला. बहिणीला बघणे. बोट दोन काठ जोडायला असते. कॉम्प्युटरला आपण उतरणारे मोजायला सांगितलं, ती चूक त्याची नाही, आमची आहे. बोट इथेच राहील. त्या मुलांसाठी मी दुसरी मागेन आणि मिळेपर्यंत मंडळाला झोपू देणार नाही. पण एक अट. गर्दी असली की आधी पाहुणा, मग पोचवणारा. मान्य?"

"मान्य," सगळे ओरडले. शालनने मात्र विचारलं, "आणि अडलेलो पावणो असलो तर?"

मॅडमनी पुन्हा टॅब्लेट उघडला. "तर पोचवणाऱ्याला उठवायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी उतरायचं. लिहून घेते."

बोट माडबंदरला टेकली. कुंदाने शालनचा हात धरला आणि पाच वर्षांनी शालनने त्या धक्क्यावर पाय ठेवला. दुपारभर कुंदाच्या घरातून बोलण्याचे आवाज येत होते. भांडणाचे की गप्पांचे, ते बोटीवरून कळत नव्हतं. माशाच्या साराचा वास मात्र कळत होता. मधेच नातीचा व्हिडिओ कॉल लागला असावा, कारण शालनचं किंचाळणं खाडीभर ऐकू गेलं.

शेवटच्या फेरीला दोघी आल्या. कुंदा बहिणीला पोचवायला निघाली होती. ही बोट रात्री खाजणवाडीलाच राहते, आज परत जायची नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. हातात कपड्यांची पिशवीही होती.

खाजणवाडीला बोट टेकली. बाकीचे उतरले. दोघी बसून राहिल्या.

"उतर," कुंदा म्हणाली.

"तू उतर. तू पावणी."

"मी पोचवूक इलंय. आधी तू."

"आधी उतरण्यापायी पाच वर्सा गेली. मी पयली उतरूचंय नाय."

"मग मी पण नाय."

वरची बाई म्हणाली, "प्रवास संपला आहे. कृपया उतरावे." दोघींनी एकदम वर बघून तिला गप्प बसायला सांगितलं. मी दोर बांधला, मोटर बंद केली, सुकाणूवर कापड टाकलं, तरी त्या बसलेल्याच. शेवटी मी म्हटलं, "बायांनो, मला घरी जेवायचंय. दोघी एकदम उतरा."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. फळी एका माणसापुरती. कुंदाने शालनच्या कमरेला हात घातला, शालनने काठी माझ्याकडे दिली आणि तिचा खांदा धरला. मग दोघी आडव्या होऊन, पोटं आत ओढून, हसत, एकमेकींच्या पायांवर पाय देत, फळीवरून गेल्या.

मी पडदा बंद करायला वाकलो. कातडीने शेवटची नोंद केली होती. ती चाल तिला ओळखता आली नव्हती. लिहिलं होतं, नवा प्रवासी, एक, उतरला.